कथलाचा ठसा आणि श्यू मास्तरांचा हात

मी एक जुना ठसा आहे. बोटभर लांबीचा, पोलादाचा. माझं एक टोक हातोड्याचे घाव खाऊन खाऊन पसरलं आहे. दुसऱ्या टोकावर एके काळी एक अक्षर होतं. ते उलटं कोरलेलं होतं, कारण मी उलटा असलो तरच भांड्यावर सुलटा उमटणार. ते अक्षर म्हणजे आमच्या चिनी लिपीतलं ‘कथील’.

मित्रांनो, कथील तुम्हाला नवं नाही. तुमच्याकडे पितळेच्या पातेल्याला कल्हई केल्यावर जे पांढरंशुभ्र चकाकतं, तेच कथील. आमच्या झेजियांग प्रांतात मात्र नुसता हात फिरवून भागत नाही, आख्खी भांडी कथलाची लागतात. चहाचे डबे कथलाचे, मेणबत्त्यांचे उंच दिवे कथलाचे, आणि दारू कोमट करायची झारी तर कथलाचीच. मुलीच्या आंदणात कथलाची भांडी नसली, तर लोक विचारतात, ‘काय हो, पोरगी पळून गेली की काय?’

मला घडवलं ते शिक्के कोरणाऱ्या एका खडूस म्हाताऱ्याने. नखाएवढ्या जागेत सोळा रेघा बसवायच्या होत्या. तो कोरता कोरता सारखा कुरकुरत होता. “लोखंडाचं अक्षर याहून किचकट, हे कबूल. पण ते कोणी एवढुसं मागत नाही. या कथीलवाल्यांना मात्र सगळं नाजूक पाहिजे!” आताच्या शाळेतल्या पोरांना सोळा रेघांचा त्रास नाही. माझी डावी बाजू आठ रेघांची होती, ती आता पाचांत उरकतात. उरकोत. मला काही म्हणायचं नाही. पण आमच्या वेळी एक रेघ कमी पडली, तर उस्ताद छांगकेंग मला घेऊन परत त्या म्हाताऱ्याच्या दारात उभे राहिले असते.

उस्ताद छांगकेंग हे माझे मालक. आडनाव यिंग. हेंगताँग गावात नदीकाठी त्यांचं दुकान होतं. पिकं निघाली की ते खांद्यावर कावड घेऊन गावोगाव फिरायचे. कावडीच्या एका पारड्यात भाता आणि मूस, दुसऱ्यात हातोडे आणि कात्र्या. मी मात्र कावडीत कधी बसलो नाही. माझी जागा त्यांच्या कमरेच्या कातडी पिशवीत. याचा मला गर्व होता, तो मी लपवणार नाही.

भांडं पुरं झालं की उस्ताद त्याच्या बुडावर मला धरायचे आणि एकच घाव घालायचे. दुसरा घाव कधी लागला नाही. त्याआधी ते एक गोष्ट करायचे. उरलेली कथलाची पट्टी कानाशी नेऊन हळूच वाकवायचे. चांगलं कथील वाकवलं की रडतं, मित्रांनो. खरंच. बारीक करकर असा आवाज येतो. उस्ताद तो ऐकायचे, डोळे मिटून मान हलवायचे आणि मगच पिशवीत हात घालायचे. शिसं मिसळलेलं कथील गप्प असतं. शिसं स्वस्त, जड आणि दिसायला सोज्वळ. पण पोटात गेलं की माणसाला आतून पोखरतं. उस्तादांचे गुरू शिशाच्या धुरात आयुष्य काढून मेले. शेवटी त्यांची दोन्ही मनगटं लोंबायला लागली होती आणि भात भरवायला बायको लागायची. त्यामुळे शिशाचं नाव काढलं की उस्ताद उठून अंगणात जायचे.

म्हणून माझ्या खुणेला मान होता. बायका बाजारात भांडं उचलून आधी उलटं करायच्या. मी दिसलो की पुढचं बोलणं सुरू.

उस्तादांना दोन मुलं. मोठा बाओताई, धाकटी छ्याओयुन. बाओताईचा हात चांगला होता, पण धीर नव्हता. बापाने भांडं सात वेळा घासलं, तर हा पाचव्या वेळी म्हणायचा, “झालं की! आरसा करायचाय का?” छ्याओयुन त्याच्यावर हसायची. “दादा, तुझ्या भांड्यात तोंड पाहिलं तर मी म्हैस दिसते.” तो म्हणायचा, “भांड्याचा काय दोष?” मग ती भाता सोडून त्याच्या मागे धावायची. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही.

छ्याओयुनचं लग्न नदीपलीकडच्या लुओची गावातल्या श्यू मास्तरांच्या मुलाशी ठरलं. मास्तर गावची शाळा चालवत. नववर्षाच्या आधी दोन गावांतले लोक दारावरच्या लाल पट्ट्यांवर चांगले शब्द लिहून घ्यायला त्यांच्याकडे यायचे. अक्षर असं की लोक वर्ष संपलं तरी पट्टी काढायचे नाहीत.

नेमकी त्याच वर्षी लढाई पेटली. युन्नानहून येणारं कथील बंद झालं. दुकानात होतं तेवढंच. आणि लग्नाचा मुहूर्त तोंडावर आला असताना उस्तादांना हिवतापाने धरलं. तीन पांघरुणं घालूनही त्यांचे दात वाजत होते.

“सगळं तूच कर,” ते बाओताईला म्हणाले. “पुरेल तेवढंच कर. दोन भांडी कमी झाली तर आभाळ कोसळत नाही.”

पण आई ऐकेना. “आभाळ कोसळत नाही कसं? पलीकडच्या तांबटाच्या काळ्या पोरीचं आंदण हमालांच्या खांद्यावरच्या आठ दांड्यांवरून गेलं. कथीलवाल्याची पोरगी चार दांड्यांवर जायची? मग मी नदीवर कपडे धुवायला कोणत्या तोंडाने जाऊ?”

“अगं आई, कथील नाही!”

“तू कारागीर ना? मग बघ काहीतरी. बहीण एकदाच जाते घरातून.”

बाओताईने पाहिलं. मी तिथेच ऐरणीवर पडलो होतो. मागच्या खोलीत छतावरचं पाणी वाहून नेणाऱ्या पाइपांसाठी आणलेलं शिसं होतं. आधी त्याने ते मेणबत्तीच्या दिव्यांत घातलं. मेणबत्ती काही कोणी चाटत नाही. इथवर ठीक होतं. पण दिवे झाले, डबे झाले, आणि झारीपाशी येऊन कथील कमी पडलं. मुशीत पाहत तो बराच वेळ बसला. मग स्वतःशीच पुटपुटला, “रोज कोण पितंय दारू? सणावाराला निघेल.” आणि तीन भागांना एक भाग शिसं घातलं.

झारी सुरेख झाली, हे म्हणायलाच हवं. लांब मान, दांड्यावर वेलबुट्टी, झाकणावर डाळिंब. शेवटी त्याने पट्टी उचलली, कानाशी नेली आणि न वाकवताच खाली ठेवली. मग मला उचललं. त्याचा पहिला घाव नीट बसला नाही, त्याने दुसरा घातला. मी उमटलो. शिशावर मी ‘कथील’ असा उमटलो. मित्रांनो, मला ओरडता आलं असतं, तर त्या रात्री सगळं हेंगताँग जागं झालं असतं. पण ठशाला तोंड असलं तरी आवाज नसतो.

तापातून उठून उस्ताद काठी टेकत आले. भांड्यांवर लाल कागद चिकटवून झाले होते. आंदणावर एकदा लाल कागद बसला की तो सासरच्या अंगणातच निघायचा. मध्ये कोणी उचकटला तर संसार मोडतो, असं आमच्याकडे मानतात. उस्तादांनी झारीवरून नुसता हात फिरवला.

“कथील पुरलं?”

“पुरलं, बाबा.”

“शाबास,” म्हणाले, आणि बाओताईच्या डोक्यावर हात ठेवला. बाओताईने मान वर केली नाही.

आंदण पोहोचवायला भाऊ जातो. वाटेत एखादं भांडं चेपलं तर नीट करता यावं म्हणून बाओताईने हातोडी आणि पिशवी बरोबर घेतली. त्यामुळे श्यू मास्तरांच्या अंगणात मीही होतो. मास्तरांनी स्वतःच्या हाताने झारीवरचा लाल कागद सोडवला, ती उलटी केली आणि मला पाहून खूश झाले. आसपासच्या पोरांना हाक मारली.

“या रे! आज शाळा इथेच. हे अक्षर कोणतं?”

“कथील!” पोरं ओरडली.

“हो, पण ते आलं कुठून? डावीकडे आहे तो धातू. तांबं, लोखंड, चांदी, सगळ्यांच्या डाव्या अंगाला तो आहेच. गंमत उजवीकडे आहे. फार जुन्या काळी, राजे काशाच्या भांड्यांवर अक्षरं कोरायचे तेव्हा, ही उजवी बाजू एकटीच असायची. एक भांडं कलतंय आणि दुसऱ्या भांड्यात काहीतरी ओतलं जातंय, असं ते चित्र. अर्थ काय? दिलं! राजाने सेवकाला घोडे दिले, पैशांऐवजी कवड्या दिल्या, की हेच कोरायचे. पुढे त्याच्या शेजारी धातू येऊन बसला आणि कथील झालं. तरी जुन्या पोथ्यांत हे अक्षर ‘देणं’ म्हणूनच वाचावं लागतं.”

एक चोंबडा पोरगा म्हणाला, “मास्तर, माझे आजोबा म्हणतात ती पाल आहे.”

“काही पंडित तसं म्हणतात खरं. म्हणोत बापडे. त्यांच्या मुलीच्या आंदणात पाली येवोत.” सगळं अंगण हसलं. मग मास्तर झारी दोन्ही हातांत धरून बाओताईकडे वळले. “तुझ्या वडिलांना सांग, मुलगी दिलीत आणि तिच्याबरोबर हे. मी रोज संध्याकाळी याच झारीतून घेईन. सुनेला माहेरची आठवण राहील.”

बाओताईच्या तोंडचं पाणी पळालं. “रोज?” एवढंच तो म्हणाला.

“रोज एकच वाटी. तुझ्या बहिणीच्या सासूबाई मोजून देतात!”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पिशवीत होतो आणि त्याचा हात पिशवीवर होता. पण अंगणात ढोल वाजत होते, छ्याओयुन लाल पदराआड उभी होती, आणि तो गप्प बसला. पुढे वर्षभर गप्प बसला. दुकानात भाता ओढता ओढता मध्येच थांबायचा. आई म्हणायची, “याचंही लग्न करायला हवं, चित्त ठिकाणावर नाही.”

वर्ष सरलं. एके दिवशी लग्न जुळवणाऱ्या मेई काकू लाल रंगवलेल्या अंड्यांची परडी घेऊन दुकानात आल्या. आमच्याकडे मुलगा झाल्याची वर्दी अशीच येते.

“अभिनंदन हो, आजोबा झालात! नातू! आणि आवाज असा, की नदीपलीकडून ऐकू यायला हवा होता तुम्हाला.”

आई रडायलाच लागली. उस्तादांनी अंडं सोलायला घेतलं, पण हसू आवरेना म्हणून ते सोलता येईना.

“पोरगी बरी आहे ना?” आईने विचारलं.

“बरी म्हणजे काय, राणी झालीय! विहीणबाई तोंडाच्या फटकळ, पण बाळंतिणीचं करण्यात कसूर नाही. आलं घातलेली कोंबडी, आणि दिवसातून तीनदा गरमागरम दारू. तुमच्याच झारीतून बरं का. माहेरच्या झारीतलं बाळंतिणीला मानवतं म्हणतात.” मग काकूंनी आवाज उतरवला. “मास्तरांचं मात्र काही खरं दिसत नाही. सहा-सात महिने झाले, पोटात अशा कळा येतात की माणूस दुमडून जातो. आणि आता उजवा हात. जेवताना काड्या गळून पडतात. वैद्य म्हणतो वात. कोणी म्हणतं, बाधा.”

उस्तादांचं हसू हळूहळू मावळलं. “हात कसा? दुखतो?”

“दुखत नाही. नुसता लोंबतो. मनगटातून असा,” आणि काकूंनी आपला हात लोंबता करून दाखवला.

तो हात पाहून बाओताई उठला. कमरेला पिशवी बांधली आणि नदीची वाट धरली.

श्यूंच्या घरी पोहोचला तेव्हा त्याचा श्वास लागला होता. मास्तरीणबाई दारातच होत्या.

“अगंबाई, मामा आले! पण महिना भरेपर्यंत आत जायचं नाही हं. बाहेरच बसा.”

“मावशी, मी... ती झारी. काळवंडली असेल ना? घासून आणून देतो. उद्याच परत आणतो.”

“झारी चकचकीत आहे. आणि बाळंतिणीच्या महिन्यात घरातली वस्तू बाहेर देतात होय? तुमच्या आईने हेसुद्धा शिकवलं नाही?”

“मग दारू दुसऱ्या भांड्यात गरम करा. मातीच्या...”

“का बरं?” त्यांनी डोळे बारीक केले. “दिलेलं आंदण परत न्यायचा विचार दिसतोय. लढाईत कथील महागलंय, ऐकलंय मी. माझ्या सुनेच्या वस्तूला हात लावाल तर याद राखा!”

आतून छ्याओयुनचा आवाज आला, “दादा आलाय का? दादा, त्याचे कान तुझ्यासारखे आहेत रे, सुपाएवढे!” आणि ती हसली. मागोमाग झारीतून वाटीत ओतल्याचा आवाज आला. बाओताई तिथून जो निघाला, तो होडी चुकली म्हणून पाण्यातून चालत नदी ओलांडून आला. मी पिशवीत भिजलो.

घरी येऊन तो बापाच्या पायाशी बसला आणि सगळं सांगितलं. उस्ताद ऐकून घेत होते. मारलं नाही, ओरडले नाहीत.

“किती घातलंस?”

“तीनाला एक.”

“माझ्या गुरूंचे हात तुला ठाऊक होते.”

“ठाऊक होते, बाबा.”

उस्ताद उठून आतून कोट घेऊन आले. आई आडवी आली. तिला आता कळलं होतं, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. “थांबा हो. सांगू नका. काहीतरी युक्ती करू. मेई काकूंना सांगून झारी गायब करायला लावू, हरवली म्हणेल ती. एकदा तोंडातून शिसं हा शब्द निघाला की दुकान बुडालं. पोरीला सासरचे जन्मभर टोचून खातील. ‘तुझ्या माहेराने विष दिलं’ म्हणतील.”

“टोचून खायला पोरगी जिवंत हवी ना?” उस्ताद म्हणाले. “आणि मास्तरांना काय झालंय ते वैद्याला कोण सांगणार? झारी हरवली, तरी ते वाताचंच औषध पीत बसतील.”

आई दारातून बाजूला झाली. मग तीच म्हणाली, “छत्री घ्या. आभाळ भरलंय.”

श्यूंच्या बैठकीत मास्तर खुर्चीत बसले होते. पार वाळले होते. उजवा हात मांडीवर असा पडला होता, जसा तो दुसऱ्याच कोणाचा असावा. मास्तरीणबाईंनी दोघांना पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले. “एकटं येऊन जमलं नाही, म्हणून आता बापाला आणलंय!”

उस्ताद वाकून म्हणाले, “विहीणबाई, झारी घरातून बाहेर नेणार नाही. इथेच द्या. दोन क्षण.”

मास्तरांनी मान हलवली, तेव्हा कुठे झारी आली. अजून कोमट होती. उस्तादांनी तिचा दांडा झारीपासून मोकळा केला, मास्तरांच्या कानाशी नेला आणि वाकवला. काही आवाज आला नाही. मग खिशातून एक जुनी कथलाची पट्टी काढून तीही वाकवली. ती रडली.

“मास्तर, हे कथील नाही,” उस्ताद म्हणाले. “यात शिसं आहे. माझ्या दुकानातून आलंय, माझ्या खुणेसकट. तुमचं पोट आणि तुमचा हात या झारीने खाल्ला. सुनेला यातला थेंबही देऊ नका. बाळाला काही दिवस दुसरीचं दूध पाजा. वैद्याला सांगा, शिसं आहे. मी तुमचा अपराधी आहे.” आणि ते गुडघे टेकून खाली बसले.

मास्तरीणबाईंनी हंबरडा फोडला. काय काय बोलल्या, ते मी सांगत नाही. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. मास्तर मात्र आपल्या हाताकडे पाहत राहिले. “म्हणजे बाधा नव्हती,” ते एवढंच म्हणाले.

पडद्याआडून छ्याओयुनचा आवाज आला. हसू नव्हतं त्यात. “बाबा, दादाला माहीत होतं?”

उस्तादांनी मुलाकडे पाहिलं. नाही म्हणता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं.

“माहीत होतं,” बाओताई म्हणाला. “पहिल्या दिवसापासून.”

 मग ती म्हणाली, “काल मी बाळाला म्हणाले, तुझे कान तुझ्या मामासारखे आहेत.” आणि थोड्या वेळाने, “त्याला सांगा, महिन्याच्या सोहळ्याला येऊ नकोस.”

मित्रांनो, आमच्याकडे बाळ महिन्याचं झालं की त्याचं जावळ काढतात. बाळाला मांडीवर घ्यायचं ते मामाने. मामा नाही तर सोहळा लंगडा. 

उस्तादांनी बाओताईच्या कमरेच्या पिशवीतून मला आणि हातोड्याला काढलं. बाहेर आले, दाराशी दगडी पायरी होती, तिच्यावर मला अक्षर वर करून ठेवलं आणि हातोडा बाओताईच्या हातात दिला.

“बाबा, नको. तुमच्या आख्ख्या जन्माचं आहे हे.”

“तो जन्म तूच शिशावर मारलास. आता पूस.”

त्याने घाव घातला. एका घावात माझ्या रेघा एकमेकींत गेल्या. दुसऱ्यात सपाट झालो. मला दुखलं, खोटं कशाला सांगू? पण शिशावर उमटलो त्या दिवशी याहून जास्त दुखलं होतं.

पुढे व्हायचं ते झालं. मेई काकूंना कळलं म्हणजे दोन्ही तीरांना कळलं. बायका जुनी भांडी घेऊन दुकानात यायच्या, बुडावरची खूण बोटाने दाखवायच्या आणि विचारायच्या, “हे तरी खरं का?” उस्ताद प्रत्येक भांड्याचा काठ वाकवून कानाशी धरायला लावायचे. ती सगळी खरी होती. आवाज ऐकून बायका निघून जायच्या आणि पुन्हा यायच्या नाहीत. आई नदीवर कपडे धुवायला अंधार पडल्यावर जायची. मला फेकून द्यायला हवं होतं, पण बाओताईने मला पिशवीतच ठेवलं. का, ते त्याने कोणाला सांगितलं नाही.

छ्याओयुन वाचली. बाळही वाचलं. शेजारच्या एका बाळंतिणीने त्याला पाजलं. मास्तरांच्या पोटातल्या कळा थांबल्या, हात मात्र उठला नाही.

महिन्याच्या सोहळ्याला उस्ताद आणि आई गेले. बाळाची टोपी, पैंजण आणि शेवयांची कावड बाओताईने वाहिली, पण फक्त कुंपणापर्यंत. तिथे कावड उतरवून तो बांबूच्या आडोशाला उभा राहिला. मी त्याच्या कमरेला होतो, म्हणून मला सगळं दिसत होतं.

जावळ काढण्याआधी बाळाचं नाव लाल कागदावर लिहून भिंतीवर लावायचं होतं. ‘जिंगआन’, हे नाव मास्तरांनी सून आली तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. नातवाचं नाव आजोबाच लिहिणार, म्हणून सगळं गाव पाहायला जमलं होतं. शाई घोटून झाली. मास्तरांनी डाव्या हाताने उजव्या हाताच्या बोटांत कुंचला बसवला. कागदाजवळ नेला आणि मनगट खाली पडलं. कुंचला गळाला, कागदावर मोठा डाग पडला. दुसरा कागद आणला. तोही गेला. कोणीतरी म्हणालं, “मास्तर, शाळेतल्या धाकट्या गुरुजींना बोलावू का?”

मास्तरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. कुंपणाकडे पाहत म्हणाले, “बाहेर बाओताई उभा आहे ना? त्याला आत बोलवा.”

“त्याला?” मास्तरीणबाई उसळल्या. “तुमचा हात खाल्ला त्याने!”

“म्हणूनच. माझ्याकडे हात नाही. त्याच्याकडे आहे.”

बाओताई आला. मान खाली, पाय जड.  मास्तर म्हणाले, “मागे उभा राहा. मनगट धर. असं नाही, घट्ट. मी बोटं चालवतो, तू हात चालव. मी डावीकडे म्हणालो की डावीकडे.”

त्याने ते मनगट धरलं आणि त्याचा चेहरा बदलला. मनगटात काही जीवच नव्हता. दोघांनी मिळून लिहायला घेतलं. “खाली. थांब. आता वर, हळू.” रेघा वाकड्या येत होत्या. एकीकडे शाई फुटली. मास्तरांचं अक्षर माहीत असलेले लोक मान फिरवत होते. बाओताईचे डोळे वाहत होते, पण पुसायला हात मोकळा नव्हता. नाव पुरं झालं तेव्हा मास्तर म्हणाले, “नववर्षाच्या पट्ट्यांच्या वेळीही ये. दोन गावांच्या आहेत, उशीर करू नकोस.”

छ्याओयुन आतल्या दारात बाळाला घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं. न्हावी वस्तरा घेऊन वाट पाहत होता. बाओताईने हात पुसून तिच्याकडे पाहिलं. ती पुढे आली, त्याच्या जवळून गेली आणि बाळ सासऱ्यांच्या मांडीवर ठेवलं. मग चुलीपाशी जाऊन चहाची वाटी आणली आणि भावासमोर ठेवली.  तो चहा प्यायला आणि घरी आला.

त्यानंतर तो दरवर्षी नववर्षाआधी लुओचीला जायचा आणि दोन गावांच्या पट्ट्या पुऱ्या होईपर्यंत मास्तरांचं मनगट धरून उभा राहायचा. मास्तर गेले त्या वर्षीपर्यंत. भाच्याला मात्र त्याने कधी मांडीवर घेतलं नाही. त्याने मागितलं नाही आणि तिने दिलं नाही.

मित्रांनो, आता माझ्यावर वाचण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी मला एक सांगायचं आहे. तुमच्या हातून कुणासाठी काही बिघडलं, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. ढोल वाजत असले तरी सांगा. माझ्या घरच्या पोराला एक वाक्य बोलायला वर्ष लागलं, आणि त्या वर्षात श्यू मास्तर रोज एक वाटी पीत होते.